एका पायरीवर थांबलेलं तेल

तेलाच्या बाटलीच्या गळ्याशी, झाकणाच्या आट्यांमध्ये, जो पिवळट चिकट थर साचतो तो कधी नखाने खरवडून बघितलाय का? ते तेल राहिलेलंच नसतं. साध्या साबणाने हलत नाही, गरम पाण्याला दाद देत नाही, घासणीला चिकटून घासणीच वाया घालवतं. रसायनशास्त्राच्या हिशोबाने ते चक्क व्हार्निश असतं, म्हणजे तेलाने हवेतला ऑक्सिजन घेतला, त्याचे रेणू एकमेकांत गुंतले आणि बाटलीवर एक पातळ रबरी कातडी तयार झाली. शेगडीमागच्या भिंतीवर, एक्झॉस्टच्या जाळीवर, कढईच्या बाहेरच्या अंगाला जो राप चढतो तोही हाच.

ओलेइक ॲसिड, म्हणजे तेल ज्या फॅटी ॲसिडांचं बनतं त्यातलं एक, या प्रकरणाकडे मी या घासाघाशीतून आले. डॉक्टरने सांगितलं, हृदयाची काळजी वाटली, असलं काही नाही. कधीतरी हाय-ओलेइक (म्हणजे ओलेइक जास्त असलेलं) लिहिलेली सूर्यफूल तेलाची बाटली घरात आली, बरेच दिवस वापरली, आणि तिचा गळा संपेपर्यंत बऱ्यापैकी स्वच्छ राहिला. सूर्यफूल तेच, रंग तोच, वास तर रिफाइंड तेलाला नसतोच, मग हे असं का? तिथून जे वाचायला लागले ते अजून संपलेलं नाही.

थोडं रसायन सांगावंच लागेल, घाबरू नका. कुठलंही खाद्यतेल म्हणजे ग्लिसरॉलच्या एका छोट्या रेणूला चिकटलेली तीन फॅटी ॲसिडं. त्यातली आपल्याला रोज भेटणारी बरीचशी १८ कार्बनची साखळी असतात, लांबी सारखीच, फरक फक्त डबल बॉंड, म्हणजे दोन कार्बनमधले दुहेरी बंध, किती यात. स्टिअरिकमध्ये एकही नाही, ओलेइकमध्ये एक, लिनोलेइकमध्ये दोन, लिनोलेनिकमध्ये तीन. आता वाटेल की एकापेक्षा दोन म्हणजे ऑक्सिजनशी भांडण दुप्पट, पण तसं होत नाही. दोन डबल बॉंडच्या मधोमध जो कार्बन सापडतो त्याच्यावरचा हायड्रोजन फार सैल असतो, तो निघाला की साखळी-प्रक्रिया सुरू, आणि ओलेइकमध्ये बॉंड एकच असल्याने असा मधोमध सापडलेला कार्बनच नसतो. म्हणून लिनोलेइक हे ओलेइकपेक्षा ढोबळमानाने दहा-बारापट वेगाने खराब होतं आणि लिनोलेनिक वीस-पंचवीसपट. एक बॉंड वाढला आणि गणितच बदललं.

जवसाच्या तेलात लिनोलेनिक भरपूर, म्हणून ते वाळतं, आणि म्हणून तर ऑइल पेंटिंगवाल्यांनी शतकानुशतकं ते वापरलं. वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही हं, ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि होताना इतकी उष्णता सोडतं की जवसाच्या तेलाचे बोळे ढिगाने टाकून दिले तर काडी न लावता पेटू शकतात. ऑलिव्ह तेलाने चित्र काढलंत तर ते वर्षभरानेही ओलंच असेल. यावरून एक गोष्ट सांगून टाकते कारण इंटरनेटवर हा सल्ला फार फिरतो: लाकडी पाट, पोळपाट, चॉपिंग बोर्ड यांना ऑलिव्ह तेल चोळू नका. ते आत मुरतं पण वाळत नाही, तसंच चिकचिकत बसतं आणि सावकाश खवट होतं. सावकाश होतं म्हणजे होत नाही असं नव्हे.

ओलेइकचा दुसरा गुण त्याच्या आकारात आहे. स्टिअरिकची साखळी सरळ, ओलेइकची मधोमध वाकलेली. सरळ काठ्यांची मोळी घट्ट बांधली जाते आणि त्यात वाकड्या काठ्या आल्या की ती ढिली पडते, तसंच हे. म्हणून स्टिअरिक ॲसिड ६९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओलेइक साधारण १३ अंशांना, एवढा फरक एका बाकामुळे. लिनोलेइक आणखी खाली, उणे ५ वगैरे. म्हणजे ओलेइक बरोबर अशा जागी उभं आहे की खोलीच्या तापमानाला वाहतं, पण वाहण्यासाठी जेवढं लागतं तेवढेच डबल बॉंड, एकही जास्त नाही. आणि तोच बाक जर सरळ केला, अणू सगळे तेच ठेवून, तर होतं इलेडिक ॲसिड, वितळणबिंदू ४० अंशांच्या वर. तेच ते बदनाम ट्रान्स फॅट. १९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याचं पेटंट घेतलं आणि पुढची शंभर वर्षं अर्धवट हायड्रोजन घातलेल्या तेलांतून हा सरळ झालेला भाऊ जगभर खाल्ला गेला.

गंमत म्हणजे एके काळी ओलेइक हा कचरा होता. फ्रान्सच्या मिशेल शेव्रलने (हा माणूस १०२ वर्षं जगला, १७८६ ते १८८९) चरबीतली फॅटी ॲसिडं वेगवेगळी करून दाखवली आणि त्यातून मेणबत्तीचा धंदा बदलला. चरबीची मेणबत्ती मऊ, धुरकट आणि घाण वासाची, पण त्यातलं पातळ ओलेइक दाबून काढून टाकलं की उरलेल्या घट्ट स्टिअरिकची मेणबत्ती कडक आणि स्वच्छ जळणारी. दाबून काढलेलं ते तांबूस द्रव 'रेड ऑइल' नावाने विकलं जाई, साबणवाल्यांना, लोकर कातणाऱ्यांना. आज ज्याच्यासाठी बाटलीवर मोठ्या अक्षरात जाहिरात करतात ते तेव्हा गाळ म्हणून खपवत होते.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग, बियाण्यांचा. सूर्यफूल, करडई, शेंगदाणा, सोयाबीन, या सगळ्यांच्या बीमध्ये तेल तयार होताना आधी ओलेइक तयार होतं, आणि मग एक एन्झाइम, ज्याला एफएडी-२ म्हणतात, त्यात दुसरा डबल बॉंड घालून त्याचं लिनोलेइक करतं. म्हणजे लिनोलेइकचा रस्ता ओलेइकवरूनच जातो. हाय-ओलेइक तेल करायचं म्हणजे झाडाला नवीन काही शिकवायचं नाही, त्या एका पायरीवर थांबवायचं, बास. ऑलिव्हच्या फळात ही थांबण्याची सवय आपसूक आहे, ऑलिव्ह तेलात ओलेइक साधारण ५५ ते ८३ टक्के. बदाम, हेझलनट, ॲव्होकॅडो, चहाच्याच कुळातल्या कॅमेलियाचं बी, शेवग्याचं बी, यांच्यातही भरपूर. शेवग्याच्या बियांचं तेल इतकं टिकायचं की जुने घड्याळजी ते नाजूक यंत्रांना वंगण म्हणून घालायचे, जे तेल चिकट होणार नाही तेच घड्याळात चालणार ना.

सूर्यफुलात मात्र माणसाने हात घातला. सोव्हिएत युनियनमध्ये, क्रास्नोदारला, सोल्दातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या बियांवर डायमिथाइल सल्फेट या रसायनाचा प्रयोग करून जनुकात बदल घडवले आणि त्यातून निवडत निवडत पेर्वेनेत्स नावाचा वाण काढला, तो १९७६ साली जगापुढे आला. साध्या सूर्यफूल तेलात लिनोलेइक ४८ ते ७४ टक्के असतं, इथे उलटं, ओलेइकच तीन चतुर्थांश आणि त्याहून जास्त. आजच्या बऱ्याच हाय-ओलेइक सूर्यफुलांची वंशावळ या एका वाणापर्यंत जाते. साधं सूर्यफूलही गरम हवेत वाढलं तर थोडं जास्त ओलेइक देतं, कारण ते एन्झाइम उष्णतेत ढिलं पडतं, पण त्याचा भरवसा नाही, यंदा एक आकडा तर पुढच्या वर्षी दुसरा. पेर्वेनेत्सच्या वंशजांना हवेचं एवढं सोयरसुतक नाही.

करडईची गोष्ट तर आणखी छान. तिच्यात कुणी रसायन घातलं नाही. भारतातून गेलेल्या करडईच्या बियाण्यांत हा गुण आयताच सापडला, कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल्डेन नोल्स यांनी त्याची आनुवंशिकता तपासली आणि १९६६ मध्ये त्यावरून हाय-ओलेइक वाण दिला. म्हणजे कुठल्या तरी शेतात हे झाड पिढ्यान् पिढ्या उभं होतं, त्याचं तेल गाळलं जात होतं आणि ते शेजारच्या तेलापेक्षा जरा जास्त टिकतं हे कुणाच्या लक्षात आलंही असेल, लिहून कोण ठेवणार. शेंगदाण्यातही तसंच, १९८७ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी ८० टक्के ओलेइकचा दाणा कळवला, आणि दाण्यात फायदा दुहेरी, कारण नुसतं तेलच नाही तर भाजलेला दाणाही लवकर खवट होत नाही. कॅनोलाचं (मोहरीच्या कुळातलं एक तेलबी) प्रकरण थोडं वेगळं, तिथे झाड ओलेइकला आणखी लांब ओढून एरुसिक ॲसिड करायचं, कॅनडात बाल्डर स्टेफान्सन आणि कीथ डाउनी यांनी ते नको असलेलं एरुसिक पैदाशीतून काढून टाकलं आणि ओलेइक आपोआप साठच्या आसपास गेलं. हवं ते वाढवायला कुणी गेलंच नव्हतं. अलीकडे सोयाबीनमध्ये जीन एडिटिंगने एफएडी-२ बंद केलं, ते तेल २०१९ मध्ये अमेरिकेत विक्रीला आलं.

एवढा खटाटोप कशासाठी? मला जे दिसतं ते स्पष्ट सांगते, कंपन्यांना आधी हवं होतं टिकाऊपण, हृदय नंतर आलं. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१५ मध्ये अर्धवट हायड्रोजन घातलेली तेलं सुरक्षित मानणं बंद केलं आणि २०१८ पासून ती अन्नातून बाहेर काढायला लावली. बिस्किटं, चिप्स, तळणीचे मोठे कारखाने यांना महिनोन् महिने न बिघडणारं आणि तरी ट्रान्स फॅट नसलेलं तेल पाहिजे होतं, आणि ते रसायनशास्त्राने आधीच एका पायरीवर थांबवून ठेवलेलं होतं. यात वाईट काही नाही, माझ्या बाटलीच्या गळ्याला जे हवं तेच त्यांच्या पाकिटाला हवं. पण लेबलवर लाल बदाम काढून विकतात तेव्हा जरा हसू येतं.

तळण्याबद्दल एक गैरसमज आहे, सगळे स्मोक पॉइंट विचारतात, म्हणजे तेल किती तापल्यावर धूर सोडतं ते. स्मोक पॉइंट हा बऱ्याच अंशी तेल किती रिफाइन केलंय आणि त्यात सुटी ॲसिडं किती आहेत यावर ठरतो, फॅटी ॲसिडच्या जातीवर तेवढा नाही. तेल धूर न करताही आतून खराब होत असतं. तळताना फेस बारीक आणि हट्टी व्हायला लागला, बुडबुडे फुटायच्या ऐवजी वर साचून राहिले, तेल ओतताना जाडसर धार पडायला लागली, की समजायचं रेणू गुंतायला लागलेत. हाय-ओलेइक तेलात ही वेळ उशिरा येते, येत नाही असं नाही.

आणि हृदय. एफडीएनेच नोव्हेंबर २०१८ मध्ये किमान ७० टक्के ओलेइक असलेल्या तेलांना लेबलवर दावा करू दिला, पण त्याची भाषा वाचण्यासारखी आहे: पुरावा आधार देणारा आहे पण निर्णायक नाही, रोज सुमारे २० ग्रॅम, आणि तेही सॅच्युरेटेड (स्टिअरिकसारख्या, एकही डबल बॉंड नसलेल्या) फॅटच्या ऐवजी, एकूण कॅलरी न वाढवता. हे 'ऐवजी' सगळे गाळून वाचतात. आहे त्यावर आणखी दोन चमचे ओतले तर ते नुसते दोन चमचे. शिवाय डुकराच्या चरबीतही ओलेइक चाळीस टक्क्यांच्या वर असतं, पण तिला कुणी हृदयमित्र म्हणत नाही, कारण सोबत सॅच्युरेटेडही तेवढंच येतं. आणि एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेलाचे जे गोडवे गायले जातात त्यातला काही वाटा ओलेइकचा नसतोच, त्यातल्या पॉलिफेनॉलचा असतो, ताजं तेल घशाला झोंबतं ना, ते ओलिओकँथल नावाच्या अशाच एका पदार्थामुळे. रिफाइंड हाय-ओलेइक सूर्यफूल तेल घशाला काही करत नाही. टक्के सारखे म्हणून तेल सारखं होत नाही.

यात मला एक गोष्ट फार विलक्षण वाटते. सूर्यफुलात जे एन्झाइम एवढे कष्ट घेऊन बंद पाडलं, ते माणसाच्या शरीरात मुळातच नाही. आपणही स्टिअरिकचं ओलेइक करतो आणि तिथेच थांबतो, आपल्या अंगावरच्या चरबीत सगळ्यात जास्त ओलेइकच असतं. म्हणून ओलेइक हे आहारात अत्यावश्यक वगैरे नाही, घरी बनतं, आणि लिनोलेइक मात्र खाण्यातूनच यावं लागतं. सोशल मीडियावर लिनोलेइकवाल्या तेलांना विष म्हणणारी जी टोळी फिरते तिला हे कुणीतरी सांगा.

मी हौस म्हणून साबण करते, तिथे ओलेइकचा स्वभाव हाताला कळतो. निव्वळ ऑलिव्ह तेलाचा साबण करायचा तर किलोभर तेलाला साधारण १३४ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, आणि मग ढवळत बसायचं, खोबरेल असतं तर केव्हाच दाटलं असतं, हे आपलं पातळच्या पातळ. साच्यातून काढल्यावर मऊ, बोट रुतेल असा, महिनोन् महिने मुरवावा लागतो तेव्हा कुठे कडक होतो, आणि फेसही फुलत नाही, बुळबुळीत तार सुटते, पण चेहरा ओढल्यासारखा अजिबात होत नाही. साध्या सूर्यफूल तेलाचं प्रमाण जास्त झालं की वडीवर काही महिन्यांनी नारिंगी ठिपके उठतात, बारीक, तेलकट, जुन्या रंगपेटीसारखा वास येणारे. हाय-ओलेइक सूर्यफुलाच्या वड्या ऑलिव्हच्या बहुतेक सगळ्या खोड्या करतात, पण ठिपके क्वचितच.

पण साबण धुऊन जातो, तेल अंगावर राहतं, आणि तिथे हिशोब उलटतो. ओलेइक ॲसिड त्वचेच्या वरच्या थरातल्या स्निग्ध पदार्थांची बांधणी सैल करतं, इतकं की औषधं त्वचेतून आत शिरावीत म्हणून ते मुद्दाम वापरतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या माणसांच्या हातांवर काही आठवडे ऑलिव्ह तेल लावलं तर त्वचेचा संरक्षक थर कमजोर झाला, साध्या लिनोलेइकवाल्या सूर्यफूल तेलाने तसं झालं नाही. कोंड्यातही याचा हात आहे, टाळूवरची मॅलॅसेझिया नावाची बुरशी तेलाचे तुकडे करून खाते आणि ओलेइक मागे टाकते, आणि ज्यांना ते सोसत नाही त्यांची टाळू सोलवटते. म्हणजे कढईसाठी जे तेल चांगलं तेच गालासाठी चांगलं असं मुळीच नाही. आणखी मजा, याच ओलेइकचा डबल बॉंड ओझोनने तोडला की दोन तुकडे पडतात, एक ॲझेलाइक ॲसिड, जे मुरुमांच्या क्रीममध्ये असतं, आणि दुसरं पेलार्गोनिक ॲसिड, जे तणनाशक म्हणून फवारतात.

इथे बांधलेलं ओलेइक आणि सुटलेलं ओलेइक यात फरक करायला हवा. तेलात ते ग्लिसरॉलला बांधलेलं असतं. फळ ठेचलं गेलं, उशिरा गाळलं, तर ते सुटतं, आणि ऑलिव्ह तेलाची प्रत ठरवताना हीच सुटी ॲसिडं मोजतात, ओलेइकच्या हिशोबात, एक्स्ट्रा व्हर्जिन म्हणवायला ०.८ टक्क्यांच्या वर चालत नाही. मुंग्याही हेच मोजतात! मुंग्यांचे अभ्यासक ई. ओ. विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये दाखवलं की मेलेली मुंगी दोनेक दिवसांनी ओलेइक ॲसिड सोडते आणि तो वास आला की बाकीच्या तिला उचलून उकिरड्यावर टाकतात. त्यांनी जिवंत मुंगीला ओलेइकचा थेंब लावला, तर तिलाही उचलून नेलं, ती पाय झाडत होती तरी, आणि अंग साफ करून परत येईपर्यंत तिला वारुळात थारा नव्हता.

बाकीचे उपयोग भराभर सांगते, नाहीतर हे संपायचं नाही. ट्रान्सफॉर्मरमध्ये खनिज तेलाऐवजी हाय-ओलेइक वनस्पती तेल भरतात, ते ३०० अंशांच्या वर गेल्याशिवाय पेट घेऊन जळत राहत नाही. चेनसॉच्या साखळीचं तेल जंगलातच सांडतं म्हणून तिथेही वनस्पती तेल बरं. बायोडिझेलमध्ये ओलेइकचं एस्टर थंडीत गोठतही नाही पटकन आणि टाकीत खराबही होत नाही पटकन. आइस्क्रीममधलं आणि काही लसींमधलं पॉलिसॉर्बेट ८० हे ओलेइकपासूनच करतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून ओलेइकपासूनच केलेलं ओलिअमाइड घालतात.

आणि एक उपयोग असा की ज्यातून माणसाने रेणू पहिल्यांदा मोजला असं म्हणायला हरकत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल टाकलं तर अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं, हे त्याने १७७४ मध्ये छापलं. त्याने भागाकार केला नाही. आपण करू, ५ मिलिलिटर तेल साधारण २००० चौरस मीटरवर, म्हणजे थराची जाडी २.५ नॅनोमीटर, जवळजवळ एका रेणूएवढी. १८९० मध्ये इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी ऑलिव्ह तेल पाण्यावर पसरून १.६ नॅनोमीटर काढली, आणि पुढच्याच वर्षी अॅग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंचं पाण्याच्या पृष्ठभागावरचं काम छापून आलं, जे त्यांनी घरच्या स्वयंपाकघरात केलं होतं. कॉलेजात पावडर भुरभुरलेल्या पाण्यावर ओलेइक ॲसिडचा थेंब टाकून वर्तुळ मोजायचं प्रॅक्टिकल असतं, तो याच घराण्याचा प्रयोग.

दुकानात उभं असाल तर बाटलीच्या पुढच्या बाजूचं काही वाचू नका, मागचा तक्ता बघा. १०० ग्रॅममध्ये मोनोअनसॅच्युरेटेड (एकच डबल बॉंडवालं, म्हणजे मुख्यतः ओलेइक) ७५-८०च्या घरात असेल तर ते खरं हाय-ओलेइक, ६० असेल तर कॅनोला किंवा मिश्रण, आणि २०-३० असून पॉलीअनसॅच्युरेटेड (दोन किंवा जास्त डबल बॉंडवालं) ६० असेल तर साधं सूर्यफूल, नाव काहीही असो. फ्रिजमध्ये ठेवून गोठतं का बघण्याची टेस्ट करू नका, त्याने शुद्धता कळत नाही. तळण बरंच असेल, बाटली खूप दिवस पुरवायची असेल, तर हाय-ओलेइकला जास्तीचे पैसे मोजणं मला पटतं. बाटली तीन आठवड्यांत संपत असेल तर साधं सूर्यफूल तेल आणा, गळा तेवढा आठवड्याला पुसत जा.